दुखत नसले तरी न्यूरोलॉजिस्टकडे केव्हा जावे?

अबोली

हात थरथरतो म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, चक्कर येते म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे, संध्याकाळी पापणी खाली पडते म्हणून चष्म्याच्या दुकानात आणि तोंड वाकडे झाले म्हणून मालिश करणाऱ्याकडे, अशी आपल्याकडच्या रुग्णांची फिरती असते. यातले काही रस्ते बरोबरही असतात, कारण चक्कर पुष्कळदा खरोखरच कानामुळे येते आणि बरीचशी मानदुखी ही मानेचीच असते. परंतु मेंदू, मज्जारज्जू किंवा नसा यांचाच आजार असेल, तर या फिरतीत जो वेळ जातो तो पुष्कळदा परत मिळत नाही.

माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. आता मागे वळून पाहिले की थरथर सुरू होण्याच्या बऱ्याच आधी त्यांची बँकेतली सही आक्रसत गेली होती, चालताना उजवा हात शरीराला चिकटून राहत होता, उदबत्तीचा वास येईनासा झाला होता आणि खांदा आखडला म्हणून दीर्घकाळ शेक आणि व्यायाम चालू होते. प्रत्येक तक्रार वेगळ्या ठिकाणी दाखवली गेली आणि त्या सगळ्या एकाच आजाराच्या आहेत, हे एका न्यूरोलॉजिस्टने, म्हणजे मेंदू आणि नसांच्या तज्ज्ञाने, त्यांना खोलीत चालत येताना पाहूनच ओळखले. कंपवाताचे निदान मुख्यतः पाहून, बोलून आणि तपासून होते, त्यासाठी रक्ताची कोणतीही नेहमीची चाचणी नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

माझे मत असे झाले आहे की, आपण दुखण्यावरून आजाराचे गांभीर्य मोजतो आणि या एका शाखेत तो हिशेब उलटा ठरतो. पक्षाघात बहुतेक वेळा दुखत नाही. कंपवात सुरुवातीला दुखत नाही. पायातली शक्ती जाते तेव्हाही फारसे दुखत नाही. त्यामुळे माणूस थांबतो. तर सामान्य माणसाने कोणत्या खुणांवरून थेट रुग्णालय गाठावे, कोणत्या खुणांवरून न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्यावी आणि कोठे आपले नेहमीचे डॉक्टर पुरेसे आहेत, यावर येथे जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

तालुक्याचा_डॉक्टर

अबोलीताई, विषय महत्त्वाचा आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. न्यूरोलॉजिस्ट नाही, पण कोणाला त्यांच्याकडे पाठवायचे आणि कोणाला त्याच क्षणी रुग्णवाहिकेत घालायचे, हा निर्णय मला सतत घ्यावा लागतो. माझा पहिला प्रश्न "किती दुखते?" हा नसतो, तर "हे किती वेळात झाले?" हा असतो. क्षणात किंवा काही मिनिटांत झालेला बिघाड बहुधा रक्तवाहिनीचा किंवा मेंदूतल्या विद्युतप्रवाहाचा असतो, काही दिवसांत चढत गेलेला बिघाड संसर्गाचा किंवा सुजेचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि महिने-वर्षे लागलेला बिघाड हा झीज, कमतरता, दाब किंवा गाठ यांकडे बोट दाखवतो. याला अपवाद आहेत, तरीही हा एक प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी स्वतःला विचारला, तरी निम्मे काम होते.

पहिल्या गटासाठी न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेण्याचा विचारच करू नये. तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, जीभ जड होणे वा शब्द न सुचणे, अचानक तोल जाणे, अचानक अर्ध्या बाजूचे दिसेनासे होणे, यांपैकी एकही गोष्ट झाली तर १०८ला फोन करावा आणि जेथे सीटी स्कॅन चोवीस तास चालतो अशाच रुग्णालयात जावे. पक्षाघात गुठळीमुळे झाला आहे की रक्तस्रावामुळे, हे स्कॅनशिवाय कोणालाही, अगदी न्यूरोलॉजिस्टलाही, खात्रीने सांगता येत नाही, आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने बाहेर काढण्याची सोय मोठ्या शहरांत असते आणि निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही करता येते, परंतु ही सवलत समजून कोणी सावकाश निघू नये. हे तास मोजले जातात ते रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला तेव्हापासून. म्हणून रुग्णालयात पहिले वाक्य हेच सांगावे की "नऊ वाजता चहा घेताना नीट बोलत होते, साडेनऊला हात उचलेना."

घरी जे करू नये, तेही लिहितो, कारण ते मला वारंवार पाहावे लागते. तोंडात पाणी, साखर, काढा काहीही घालू नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात आणि ते फुप्फुसात उतरते. ॲस्पिरिनची गोळी स्कॅनआधी देऊ नये. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नये, कारण दाब एकदम उतरला तर मेंदूचा अधिक भाग दगावतो. "वारे गेले" म्हणून कबुतराचे रक्त चोळायला दुसऱ्या गावी नेलेले रुग्ण आजही माझ्याकडे उशिरा येतात. त्यांच्या नातेवाइकांचे रुग्णावर प्रेम असते, गाडीही असते, पैसेही जमवलेले असतात, फक्त त्या पहिल्या तासांत कोणी त्यांना दिशा दाखवलेली नसते. याचे मला फार वाईट वाटते.

ठाणेकर_मोगरा

डॉक्टरसाहेब, तोंड वाकडे होण्याविषयी एक शंका आहे. माझ्या भावजयीचे तोंड सकाळी उठल्यावर वाकडे झालेले होते, हातपाय मात्र उत्तम होते. तपासणीत तो चेहऱ्याच्या नसेचा आजार निघाला आणि ती पूर्ण बरी झाली. हा फरक घरी ओळखता येतो का?

तालुक्याचा_डॉक्टर

थोडाफार येतो. कपाळाला आठ्या घालायला सांगाव्यात. चेहऱ्याची नसच सुजली असेल, तर त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही आणि डोळाही पूर्ण मिटत नाही. मेंदूतल्या पक्षाघातात बहुधा कपाळ शाबूत राहते आणि फक्त खालचा अर्धा चेहरा ओढला जातो. परंतु ही माहिती घरी बसून निर्णय घेण्यासाठी नाही. दोन्ही प्रकारांत त्याच दिवशी डॉक्टर गाठायचाच आहे, कारण चेहऱ्याच्या नसेच्या आजारातही स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा अधिक होतो आणि उघड्या राहिलेल्या डोळ्याचे बुबुळ जपावे लागते.

लंडनची_सून

मी इंग्लंडमध्ये राहते. येथे सरकारी व्यवस्थेत न्यूरोलॉजिस्टकडे थेट जाता येत नाही. आधी जीपी, म्हणजे नेहमीचे डॉक्टर, मग त्यांची चिठ्ठी, मग प्रतीक्षा, आणि ती प्रतीक्षा अनेकदा फार लांबते. परंतु एका बाबतीत येथील शिस्त मला शिकण्यासारखी वाटते. एखाद्याचा हात दहा मिनिटे लुळा पडला आणि पुन्हा पूर्ववत झाला, तर आपल्याकडे घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. येथे मात्र असा रुग्ण बरा दिसत असला, तरी ही घटना गेल्या आठवड्याभरातली असेल तर चोवीस तासांच्या आत तज्ज्ञाने त्याला तपासावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. माझ्या सासऱ्यांना अशा रीतीने दुसऱ्याच दिवशी बोलावले गेले, मानेतील रक्तवाहिनीची सोनोग्राफी झाली आणि तेथे मोठा अडथळा सापडला.

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात. याला आम्ही टीआयए म्हणतो, म्हणजे गुठळी आली आणि आपोआप सुटली. यानंतर खरा पक्षाघात होण्याचा धोका सर्वाधिक असतो तो पुढच्या दोन दिवसांत. म्हणून "आता बरे वाटते" हे वाक्य या एका प्रसंगी अजिबात ऐकू नये.

सिंहगडरोडकर

दिवसांत चढत जाणाऱ्या आजाराविषयी मी लिहितो, कारण २०२५च्या जानेवारीत तो आमच्या परिसराने जवळून पाहिला. पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गीया बारे सिंड्रोमचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी झालेल्या जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले आणि पुढील काही आठवड्यांत पुणे परिसरात संशयितांसह दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. दूषित पाण्यावर संशय होता आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्या काळात आमच्या इमारतीत पाणी उकळण्याची भांडी दिवसभर गॅसवर असत.

शेजारच्या एका तरुणाला आधी जुलाब झाले आणि ते थांबले. त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, पण अशक्तपणा असेल असे सर्वांना वाटले. दुसऱ्या दिवशी जिना चढताना त्याला कठड्याचा आधार लागला आणि त्याच्या पुढच्या दिवशी तो खुर्चीतून हातांवर जोर दिल्याशिवाय उठेना. त्याच्या आईला, केवळ बातम्या वाचलेल्या असल्यामुळे, हे जिना चढण्याचे वाक्य खटकले आणि त्यांनी त्याच रात्री त्याला रुग्णालयात नेले. तो आता चालतो, कामावर जातो. माझा प्रश्न असा की, एरवी, म्हणजे साथ नसताना आणि बातम्या नसताना, हे ओळखायचे कसे?

तालुक्याचा_डॉक्टर

त्या माऊलींनी जे हेरले, तेच ओळखायचे असते. मुंग्या येणे ही अत्यंत सामान्य तक्रार आहे, परंतु मुंग्यांबरोबर शक्ती कमी होत असेल आणि ती रोज थोडी वर सरकत असेल, म्हणजे काल घोटा, आज गुडघा, उद्या मांडी, तर ती आणीबाणी आहे. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर, पुष्कळदा विजेच्या तारेवरच्या वेष्टनासारख्या असलेल्या त्यांच्या आवरणावर, हल्ला करते. ही दुर्बलता छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचली की श्वास अडतो, आणि तो केव्हा अडेल हे सांगता येत नाही, म्हणून असा रुग्ण अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच ठेवावा लागतो. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत केले तर त्यांचा लाभ सर्वाधिक होतो. बहुसंख्य रुग्ण सावकाश का होईना, पुन्हा चालू लागतात.

कंबरदुखीच्या रुग्णांसाठीही येथे एक ओळ लिहितो. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीच्या जागेची संवेदना गेली, किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर ती साधी कंबरदुखी राहत नाही. त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया व्हावी लागते. येथे न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे शल्यचिकित्सक लागतात. न्यूरोलॉजिस्ट औषधोपचार करतात आणि न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात, हा फरक पुष्कळांना माहीत नसतो.

गावशीव

माझा थोडा वेगळा सूर आहे, त्याबद्दल क्षमस्व. असे धागे वाचून लोक घाबरतात. मला हाताला मुंग्या येत होत्या. मी घाबरून परस्पर मानेचा एमआरआय काढला. त्यात दोन ठिकाणी चकती सरकल्याचे आले आणि कोणी शस्त्रक्रियेपर्यंत बोलू लागले. शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो, तर त्यांनी विचारले की मुंग्या कोणत्या बोटांना येतात, रात्री येतात का आणि हात झटकल्यावर बरे वाटते का. तिन्ही उत्तरांवरून आणि नसेच्या वहन तपासणीवरून मनगटात नस दबल्याचे निदान झाले, आणि रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपल्याने आराम पडला. चाळिशीनंतर ज्यांना काहीही त्रास नाही अशा अनेकांच्या मानेच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली दिसते, हे त्यांनी समजावून सांगितले. माझे म्हणणे इतकेच की, न्यूरोलॉजिस्टकडे जावे ते त्यांच्या प्रश्नांसाठी. तपासण्या आपण आधीच करून नेऊ नयेत. शिवाय शहरातल्या न्यूरोलॉजिस्टच्या बाहेरची गर्दी पाहिली तर प्रत्येक मुंगीसाठी तेथे गेल्याने खऱ्या रुग्णांची रांग लांबते.

अबोली

गावशीव, क्षमस्व म्हणण्याचे कारणच नाही, आपला प्रतिसाद धाग्याच्या केंद्रस्थानी आहे. डॉक्टर, मग सामान्य मुंग्या आणि गंभीर मुंग्या यांत फरक कसा करायचा, आणि महिनोन् महिने चाललेल्या तक्रारींत कोणते प्रश्न विचारायचे, हे सविस्तर लिहाल का?

तालुक्याचा_डॉक्टर

लिहितो, आणि या भागावर मला सवडीने लिहायचे आहे, कारण येथे यंत्रापेक्षा प्रश्न अधिक कामाला येतात आणि ते प्रश्न आपल्या रोजच्या जगण्यातले आहेत.

पहिला प्रश्न चपलेचा आहे. चालताना चप्पल पायातून निसटते का, आणि निसटली तर तुम्हाला कळते का? निसटताना कळते पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, असे असेल तर पावलाची शक्ती कमी झाली आहे. चप्पल मागे राहिली आणि दहा पावले पुढे गेल्यावर कोणी तरी सांगितले तेव्हाच समजले, असे असेल तर संवेदना गेली आहे. पट्टीची सँडल किंवा बूट घालणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. आपल्याकडे साधी चप्पल घालणारा माणूस मात्र एका वाक्यात निदानाचा अर्धा मार्ग दाखवून जातो.

दुसरा प्रश्न तोंड धुण्याचा आहे. बेसिनसमोर उभे राहून डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जाऊन बेसिनला धरावे लागते का? पायांकडून मेंदूला "आपण कोठे उभे आहोत" याची वार्ता पोहोचेनाशी झाली, की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो, आणि डोळे मिटले की डगमगतो. अंधारात चालताना त्रास होतो तो याच कारणाने. हे ब जीवनसत्त्वाच्या, म्हणजे बी १२च्या, कमतरतेत दिसते आणि शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी १२ कमी होऊ शकते, त्यामुळे त्यांच्या पायांच्या बधिरपणाचे खापर केवळ साखरेवर फोडून चालत नाही.

तिसरा प्रश्न कामांचा आहे. फळीवरचा डबा काढताना किंवा केस विंचरताना हात भरून येतात का, मांडी घालून बसल्यावर किंवा उकिडवे बसल्यावर उठता येते का? हे खांद्याचे आणि मांडीचे मोठे स्नायू झाले. शर्टाची बटणे लागतात का, कुलपात किल्ली फिरते का, भात कालवता येतो का? हे हाताचे लहान स्नायू आणि बोटांचे कौशल्य झाले. भात कालवताना बोटे अडखळू लागली, बटणे लावायला वेळ लागू लागला आणि त्याबरोबर चालही ताठ झाली, तर मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आहे का हे पाहायला हवे. अशा वेळी मान फार दुखत नसली तरी थांबू नये. मज्जारज्जूचे झालेले नुकसान बहुतेकदा पूर्णपणे भरून येत नाही.

आता गावशीव यांच्या मुद्द्याविषयी. ते बरोबर सांगतात. रात्री येणाऱ्या, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतच्या आणि हात झटकल्यावर जाणाऱ्या मुंग्या असोत, किंवा फक्त तळव्यांचा सौम्य बधिरपणा असो, आधी आपल्या फिजिशियनकडे जावे. साखर, थायरॉइड, बी १२ एवढ्या तपासण्यांत पुष्कळांचे उत्तर मिळते. शक्ती जात असेल, तोल जात असेल, एकाच बाजूला होत असेल, किंवा कारण सापडत नसेल, तर न्यूरोलॉजिस्ट.

कोकणकडा

चकरेविषयीही लिहावे. माझ्या पत्नीला कूस बदलली की खोली फिरते.

तालुक्याचा_डॉक्टर

कूस बदलताना किंवा मान वर करताना येणारी आणि मिनिटाच्या आत थांबणारी गरगर ही बहुतेक वेळा आतल्या कानातले कण जागचे हलल्यामुळे येते. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके विशिष्ट पद्धतीने वळवून ती पुष्कळदा एका बैठकीत बरी करतात. परंतु गरगर अचानक सुरू होऊन थांबतच नाही, उभे राहिल्यावर आधाराशिवाय पाऊल टाकता येत नाही, एकाची दोन माणसे दिसतात किंवा बोलणे अडखळते, तर तो लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो आणि मग वर लिहिलेला तासांचा हिशेब लागू होतो.

दिठी

मला डोकेदुखीविषयी लिहायचे आहे, कारण येथे उलट घडते. दुखते भरपूर आणि माणूस औषधाच्या दुकानातूनच परततो. मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे. ती प्राणघातक नाही, पण महिन्यातले कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत घालवायला लावते. न्यूरोलॉजिस्टकडे गेल्यावर मला दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे अर्धशिशी थांबवण्याची गोळी आणि ती येऊच नये म्हणून रोज घ्यायची गोळी या वेगळ्या असतात, आणि दुसरी मला कोणी सांगितलेलीच नव्हती. दोन म्हणजे वेदनाशामक गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. मिश्र वेदनाशामक किंवा ट्रिप्टान (अर्धशिशी थांबवणाऱ्या खास गोळ्या) महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, आणि साधे पॅरासिटामॉल पंधरा किंवा अधिक दिवस, असे काही महिने घेत राहिले, तर औषधानेच रोजची डोकेदुखी जडते. ज्यांच्या पर्समध्ये कायम गोळ्यांची पट्टी असते, अशा भगिनींनी कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी एक टिंब द्यावे. महिनाअखेरीस ती टिंबेच सांगतील की तज्ज्ञांकडे जायला हवे.

तालुक्याचा_डॉक्टर

दिठीताई, उत्तम लिहिलेत. यात धोक्याच्या खुणा जोडतो. आयुष्यात कधी झाली नाही अशी, मिनिटभरात शिखर गाठणारी डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठ होणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी. पहाटे जाग आणणारी आणि उलटी होणारी, दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी. खोकल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी आणि त्याबरोबर दृष्टी क्षणभर अंधारणारी डोकेदुखी. यांतल्या पहिल्या दोन रात्रीच्या रात्री दाखवायच्या, बाकीच्या त्याच आठवड्यात.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने सांगायची आहे. बाळंतिणीची वाढत जाणारी डोकेदुखी कधीही "जागरणाने होते" म्हणून सोडू नये. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होऊ शकते. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत अजून आहे. त्याने शरीर कोरडे पडून हा धोका वाढतो. डोकेदुखी, मग उलट्या, मग फीट, अशा क्रमाने ही मुलगी आमच्याकडे येते. पहिल्या पायरीवर आली तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी ती बहुधा पूर्ण बरी होते. तिला भरपूर पाणी प्यायला द्यावे आणि डोके दुखते असे म्हणाली तर ऐकावे.

विदर्भवासी

फीटचा उल्लेख आला म्हणून. माझ्या मुलीला दहावीत असताना पहिली फीट आली. वर्गातल्या कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने एका शिक्षिकेने सर्वांना बाजूला केले, तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली ओढणी ठेवली, घड्याळ पाहिले आणि एका मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगितले. त्या वेळी मला ते विचित्र वाटले होते. परंतु नागपूरला न्यूरोलॉजिस्टनी ते चित्रण तीन वेळा पाहिले, मान आधी कोणत्या बाजूला वळली आणि कोणता हात आधी आखडला हे टिपले, आणि म्हणाले की यातून जे कळते ते ईईजीतून, म्हणजे मेंदूच्या विद्युतप्रवाहाच्या आलेखातून, कळेलच असे नाही, कारण दोन फीटांच्या मधल्या काळात ईईजी पुष्कळदा नॉर्मल येतो.

मुलीची फीट औषधाने पूर्ण थांबली आहे. आता ती नोकरी करते. ज्यांना हे "लग्नाच्या वेळी आड येईल" म्हणून तज्ज्ञांकडे जाणे टाळावेसे वाटते, त्यांना मी सांगू इच्छितो की १९९९मध्येच हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची, म्हणजे फीटच्या आजाराची, अट काढून टाकण्यात आली आहे. लपवण्यापेक्षा लवकर दाखवणे आणि लग्न ठरण्याआधी न्यूरोलॉजिस्टशी बोलणे मुलीच्या हिताचे आहे, कारण फीटची काही औषधे गर्भाला अपाय करतात आणि ती आधीच बदलावी लागतात.

तालुक्याचा_डॉक्टर

अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फीट योग्य औषधांनी थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयुष्यातली पहिली फीट ही कोणत्याही वयात त्याच दिवशी तपासावी लागते. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात काहीही घालू नये. प्रौढ वयात प्रथमच आलेल्या फीटचे आपल्या देशातले एक मोठे कारण म्हणजे मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ होणे. ती मांस न खाणाऱ्यांनाही होते, कारण कृमीची अंडी अस्वच्छ हातांतून आणि न धुतलेल्या भाज्यांतून पोटात जातात. म्हणून "आमच्या घरात कोणी खात नाही" एवढ्यावर तपासणी टाळू नये.

अबोली

वृद्धांच्या विसरण्याविषयी कोणी विचारले नाही, म्हणून मी विचारते. कोणते विसरणे वयाचे मानावे?

तालुक्याचा_डॉक्टर

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि रोजच्या भाजीवाल्याला पैसे कसे मोजून द्यायचे, कुकर लावताना पाणी घालायचे, नेहमीच्या गल्लीतून घरी परतायचे, हे विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात न्यूरोलॉजिस्टना दाखवावे, विशेषतः विसरणाऱ्याला स्वतःला त्याची काळजी वाटत नसेल आणि घरच्यांना वाटत असेल तर. सर्वच स्मृतिभ्रंश अल्झायमरचे नसतात. थायरॉइड, बी १२, नैराश्य, मेंदूत पाणी साठणे ही कारणे सापडली तर उपचार होऊ शकतो. आजोबा काही आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरले, डोके थोडे आपटले, काहीच झाले नाही म्हणून विसरले गेले, आणि आता ते सुस्त, गोंधळलेले आहेत व एक पाय ओढतात, असे असेल तर मेंदूबाहेर हळूहळू रक्त साठलेले असू शकते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांत याची शक्यता अधिक असते. साधा सीटी स्कॅन ते दाखवतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने माणूस पुन्हा पूर्वीसारखा होऊ शकतो. विस्मरण काही आठवड्यांत वेगाने वाढले, तर ते कधीच "वयोमानानुसार" समजू नये.

पंढरीची_वाट

सर्व प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिचे वय ६८ आहे आणि ती शुद्ध शाकाहारी आहे. चपलेच्या प्रश्नावर ती म्हणाली की देवळातून येताना डावी चप्पल मागे राहिल्याचे तिला शेजारणीने सांगितले होते. तोंड धुताना ती बेसिनला धरते, हे मी स्वतः पाहिले आहे. मधुमेहाच्या गोळ्या बरीच वर्षे चालू आहेत. दुखत काहीच नाही, म्हणून आजवर कोठेच दाखवलेले नाही. जवळच्या दवाखान्यात ताकदीची इंजेक्शने मिळतात, ती उद्यापासून सुरू करावीत का?

तालुक्याचा_डॉक्टर

दादा, इंजेक्शन सुरू करण्याआधी रक्त द्या. बी १२चे इंजेक्शन एकदा घेतले की रक्तातली पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता होती की नव्हती हे कळणे अवघड होते. उद्या सकाळी बी १२, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एवढ्या तपासण्यांसाठी रक्त देऊन फिजिशियनना भेटा. त्यानंतर अहवाल यायची वाट न पाहता, त्यांच्या सल्ल्याने उपचार सुरू करता येतात. आईंची चाल ताठ झाली आहे का, बटणे लावताना हात अडतात का, लघवीवर ताबा कमी झाला आहे का, हे त्यांना आवर्जून सांगा. यांतले एकही असेल, तर मज्जारज्जूही तपासावा लागेल आणि मग सोलापूर किंवा पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टकडे याच आठवड्यात जावे लागेल. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, कारण "पांढरी गोळी, सकाळची" यावरून आम्हाला काही कळत नाही. आणि तोवर रात्री न्हाणीघरातला दिवा चालू राहू द्या, आईंनी अंधारात उठू नये.

पंढरीची_वाट

आभारी आहे, डॉक्टर. सकाळी रक्त द्यायला नेतो आणि अहवाल आले की येथेच लिहितो.